तळटीप : उभी हातकडी

१. अंदमानच्या सेल्युलर जेलमधील एक शिक्षा. भिंतीत डोक्याच्या उंचीवर ठोकलेल्या कडीला कैद्याचे दोन्ही हात अडकवून त्याला तासन्‌तास उभे ठेवत. येथे निर्देश आहे तो अलीपूर बाँब खटल्यातील उल्हासकर दत्त यांचा. फाशी रद्द होऊन त्यांना जन्मठेप झाली होती. १९१२ मध्ये त्यांनी काम नाकारले, म्हणून ही शिक्षा झाली. हातकडीतच ताप चढला, भ्रम सुरू झाला. पुढे त्यांच्या अंगाला विजेची बॅटरी लावल्याचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. उपचार की ढोंग उघडे पाडण्याची युक्ती? तुरुंगात हा भेद फारसा उरत नसे. अधिकाऱ्यांनी वेडाचे खापर मलेरियावर फोडले, जे सोयीचे होते. नंतर त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात हलवले. याच काळात सेल्युलर जेलमध्ये बंदी असलेल्या सावरकरांनीही ‘माझी जन्मठेप’मध्ये हा प्रसंग नोंदवला आहे. उपचार आणि शिक्षा यांतल्या या भेदाबाबत पुढचे सांगायचे तर, मनोरुग्णालयात रुग्णाला बांधून ठेवणे शिक्षा म्हणून वापरता येणार नाही, असे भारतीय कायद्याने २०१७ मध्ये (मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, कलम ९७) स्पष्ट लिहिले. — संपा.