कोहिमाची ९१७ नावं आणि गावाकडे येणारी पेटी



सध्या मुक्काम कोहिमाजवळ आहे. युनिटचं नाव लिहीत नाही, कारण जुन्या लोकांना ठाऊक आहे. रविवारी सुट्टी मिळाली की पोरं बाजारात जातात आणि मी वॉर सिमेट्रीत जातो. पहिल्यांदा पोरं हसायची. "साहेब, रविवारचं मसणात काय जाता?" आता त्यातली दोघं-तिघं न बोलावता बरोबर येतात.

टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी १४२० कबरी आहेत. एप्रिल ते जून १९४४ मध्ये इथं जपानी फौज अडवली गेली. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट मध्ये ठेवून दोन्ही बाजूंनी हातबॉम्ब फेकले गेले. त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेघा आजही जागच्या जागी आखून ठेवल्यात. खाली दुसऱ्या ब्रिटिश डिव्हिजनची मोठी उभी शिळा आहे. नागा लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी अशाच शिळा उभ्या करत. सगळ्यात वर, टेकडीच्या माथ्यावर वेगळं स्मारक आहे. त्यावर ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची आठवण आहे. त्यांना अग्नी दिला गेला.

आमच्यातल्या एका नवीन पोरानं नावं वाचत वाचत विचारलं, "साहेब, ह्यांची जागा कुठली मग?"

जागा नाही. अग्नी दिला की जागा उरत नाही, राख पाण्यात जाते. आपल्याकडे ते ठीकच मानतात. पण पोराच्या प्रश्नानं मी अडकलो, आणि गेले दोन महिने मिळेल ते वाचत बसलो. त्यातलं काही आज लिहितो.

आपल्या सैनिकाला परमुलखात अग्नी देण्याची मोठी पंचाईत पहिल्या महायुद्धात झाली. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समधले जखमी हिंदी सैनिक इंग्लंडात ब्रायटनला आणले गेले आणि तिथल्या राजवाड्याचं इस्पितळ झालं. त्यातले काही दगावले. मुसलमान सैनिकांचं दफन वोकिंगच्या मशिदीजवळ होऊ लागलं. हिंदू आणि शिखांचं काय? इंग्लंडात दहनाचा कायदाच १९०२ चा, आणि तोही बंद भट्टीतल्या दहनाचा विचार करून केलेला. उघड्यावर चिता रचणं त्या लोकांना कल्पनेतही नव्हतं. शेवटी शहराबाहेर पॅचमच्या माळावर जागा निवडली आणि काँक्रीटचे चौथरे बांधले. तिथं ५३ जणांना मेंढरांच्या कुरणात अग्नी दिला आणि राख समुद्रात सोडली. १९२१ मध्ये त्या चौथऱ्यांवर पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. तिचा नकाशा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुणाचा. त्या ५३ जणांची नावं मात्र जवळच्या दगडावर कोरली गेली २०१० मध्ये. मधली जवळजवळ नव्वद वर्षं छत्री होती, नावं नव्हती.

त्याच काळात, १९१७ मध्ये, युद्धकबरींचं कमिशन स्थापन झालं. त्याचे दोन नियम महत्त्वाचे. कुणाचंही शव मायदेशी न्यायचं नाही, मग तो लॉर्डाचा मुलगा का असेना. आणि दगड सगळ्यांना सारखा, हुद्द्यावरून लहानमोठा नाही. मला दुसरा नियम फार आवडतो. कोहिमात कर्नलची पाटी आणि शिपायाची पाटी सारखीच आहे, हे पोरांना मी मुद्दाम दाखवतो.

पण नियम सगळीकडे पाळला नाही. मेसोपोटेमियात सहावी पूना डिव्हिजन लढली. कूतच्या वेढ्यात ११० व्या आणि ११७ व्या मराठा पलटणी होत्या. १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं, त्यावर गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या सुभेदार-जमादारांचीही कोरली. शिपाई-नाईक-हवालदारांपुढे फक्त आकडा, म्हणजे आणि इतर इतके हिंदी सैनिक. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच चौकशी करून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. चांगलं केलं. पण सातारा-रत्नागिरीच्या ज्या घरातला माणूस त्या आकड्यात गेला, त्या घरानं त्या वेळी काय केलं असेल?

माणूस गेल्याची खबर आहे, पण देह नाही, अशा वेळेसाठी आपल्या शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन त्यांचा माणूस मांडायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात. कुठे दर्भाचा पुतळा करतात. असे विधी ज्या ग्रंथांत बसवून दिले आहेत ते लिहिणारेही आपल्या बाजूचे होते. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात अंत्येष्टीची पद्धती लिहिली, आणि त्यांचा नातू कमलाकरभट्टानं १६१२ मध्ये निर्णयसिंधू. म्हणजे माणूस दूर जाऊन मरतो आणि हाती काही लागत नाही, हे दुःख इतकं नेहमीचं होतं की त्याचे नियम करावे लागले.

पण पळसाचा माणूस जाळून मनाची खात्री होते का? त्याचं उत्तर पानिपतात आहे.

१४ जानेवारी १७६१. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितानं या लढाईची हकिकत लिहून ठेवली आहे. मेल्यांच्या ढिगाऱ्यांतून विश्वासरावांचा देह मिळाला, तो ओळखता आला. सदाशिवरावभाऊंचा म्हणून जो देह मिळाला त्याला शिर नव्हतं. अंगावरच्या खुणा पाहून तो भाऊंचाच असं ठरवलं. शिर नंतर सापडलं असं सांगतात. शुजानं मध्ये पडून दहनाची परवानगी मिळवून दिली आणि पानिपताजवळच त्यांना अग्नी दिला. विधीत काही उणं राहिलं नाही. फक्त घरच्या कुणी पाहिलं नाही.

पुढची गोष्ट शाळेपासून ठाऊक आहे. पार्वतीबाईंनी वैधव्य मान्य केलं नाही. १७८३ मध्ये वारल्या तोवर बावीस वर्षं कुंकू पुसलं नाही. मध्येच मीच भाऊ म्हणणारा तोतया उभा राहिला. त्याच्या मागे माणसं गेली, किल्ले गेले, फौज जमली. १७७६ मध्ये त्याला पकडून देहान्त शिक्षा दिली तेव्हा ते थांबलं. लोक त्या तोतयाला हसतात. मला हसू येत नाही. ज्यांनी त्याला मानलं ते सगळे मूर्ख नव्हते. त्यांनी भाऊला मेलेला पाहिला नव्हता, एवढंच.

पेटी घरी पाठवायची रीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडली ती अमेरिकेत, आणि तीही युद्धातच. १८६१ ते १८६५ च्या यादवीत उत्तरेकडचे सैनिक दक्षिणेत शेकडो मैलांवर मरत होते, आणि आया-बाप रेल्वेनं शव मागवू लागले. उन्हाळ्यात ते पोचेपर्यंत टिकायचं नाही. मग थॉमस होम्ससारखे लोक रक्तवाहिनीतून औषध भरून शव टिकवू लागले. चार हजारांवर शवं केली असं तो स्वतः सांगे, आणि दर शंभर डॉलर. युद्धछावणीच्या शेजारी असे तंबू पडले. इतकी लुबाडणूक झाली की मार्च १८६५ मध्ये सरकारला परवान्याचा हुकूम काढावा लागला. पुढच्याच महिन्यात लिंकनचं शव रेल्वेनं वॉशिंग्टनहून इलिनॉयला गेलं. वाटेत लाखो लोकांनी ते पाहिलं आणि शव टिकवणं हा प्रतिष्ठित धंदा झाला.

आपल्या गावात असा धंदा कधी नव्हता. भाऊकी जमते, कुणी बांबू तोडतो, कुणी सुतळी आणतो, म्हातारा बाबा तिरडी बांधताना पोरांवर ओरडतो आणि पोरं त्यातच शिकतात. मात्र 'सगळं गाव मिळून करतं' असं म्हणताना एक गोष्ट झाकू नये. मर्तिकाची खबर परगावी पायी पोचवणं आणि सरण वाहणं ही कामं महार समाजावर वतनाच्या नावानं लादलेली होती. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध १९२८ पासून लढा दिला. ते कायद्यानं गेलं १९५८ मध्ये.

आता स्वतंत्र भारताच्या फौजेचं. १९६२, १९६५, १९७१ या तिन्ही लढायांत नेम असा होता की जिथं पडला तिथंच जवळपास अंत्यसंस्कार. १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग ला इथं १३ कुमाऊंची चार्ली कंपनी जवळजवळ सगळी गेली. फेब्रुवारीत एका मेंढपाळाला बर्फात देह दिसले, हातात शस्त्रं तशीच. मेजर शैतानसिंग यांना जोधपूरला नेलं, बाकीच्यांना चुशूलला अग्नी दिला. १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला गेले आणि दुसऱ्या दिवशी सांब्याजवळ दहन झालं. घरी कळलं २६ तारखेला. मधले नऊ-दहा दिवस घरच्यांच्या लेखी युद्ध संपलं होतं आणि मुलगा येणार होता.

तिथंच राहावं असं स्वतः सांगून गेलेलेही आहेत. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर हे पुण्यात शिकलेले पारशी. त्यांच्यात अग्नी देत नाहीत. पण त्यांनी साथीदाराला आधीच सांगून ठेवलं होतं की मी पडलो तर रणांगणावरच दहन करा. १६ सप्टेंबर १९६५ ला ते पडले आणि तसंच केलं. जुने लोक मला म्हणतात, सैनिकानं पलटणीच्या हातून जावं, गावात पुढाऱ्यांच्या भाषणांत नाही. त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. पण पटत नाही.

कारगिलमध्ये, १९९९ ला, हे बदललं. पाचशेवर जवान गेले, आणि इतक्या मोठ्या संख्येनं शवपेट्या पहिल्यांदाच विमानानं निघून गावोगाव पोचल्या. (पेट्यांच्या खरेदीवर कॅगनं ताशेरे मारले, खटला चालला, ते सगळं तुम्ही वाचलंच आहे.) त्याच डोंगरांवर पाकिस्ताननं आपले म्हणून घ्यायला नकार दिलेल्या सैनिकांना आपल्या जवानांनी पुरलं, आणि आपल्याच मौलवींनी त्यांच्यासाठी दुवा मागितली.

हे सगळं करतो कोण? फौजेत या कामाची वेगळी ट्रेड नाही. टोळीतली पोरं दोर लावून खाली आणतात, नर्सिंग असिस्टंट धुतो, मिलिटरी हॉस्पिटलात औषध भरतात. पलटणीचा धर्मगुरू मंत्र म्हणतो, मग तो पंडित असो, ग्रंथी असो, मौलवी असो की पाद्री. ध्वज पेटीवर टाकायचा तो केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून, आणि चितेआधी काढून घ्यायचा. मग शोक शस्त्र, फैरी, लास्ट पोस्ट. आणि एक माणूस पेटीबरोबर गावापर्यंत जातो.

तो माणूस एकदा मी होतो. पोरगा आमच्याच कंपनीचा, बर्फात गेलेला. नाव-गाव लिहिणार नाही. श्रीनगर, दिल्ली, पुणे आणि पुढे रात्रभर ॲम्ब्युलन्स. पहाटे गावाच्या वेशीवर निम्मा तालुका उभा होता. पहिली अडचण अशी की पेटी त्यांच्या बोळातून वळेना. दुसरी अशी की भाऊकीनं तिरडी आधीच बांधून ठेवलेली. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "सुभेदार, आमचं पोरगं पेटीतनं न्हाई जायाचं. खांद्यावरनं जाईल." मी फोन लावायला गेलो नाही. पेटी शाळेच्या व्हरांड्यात नेली.

तोवर आई आली. "उघडा."

उघडायची की नाही हे हॉस्पिटलवाले कधी सांगतात, कधी नाही. तेव्हा सांगितलं होतं की चेहरा ठीक आहे. तरी माझे हात चालेनात. शेवटी मी आणि ड्रायव्हरनं मिळून झाकण काढलं. ती रडली नाही. आधी कपाळावर हात ठेवला. मग उजवा हात हळूच वर घेऊन अंगठ्याजवळची जुनी खूण बोटानं चाचपली. उसाच्या कोयत्याची, लहानपणची. दोनदा चाचपली.

"हाच हाय," म्हणाली, आणि मग तिनं टाहो फोडला.

तिरडीवर घेताना भाऊकीच्या पोरांना गाठी येत नव्हत्या. त्या म्हाताऱ्यानं दाखवल्या. आमच्या गार्डनं सलामी दिली, ध्वजाची घडी करून मी बापाच्या हातात दिली. घरात चूल पेटली नव्हती, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली, आम्हालाही बसवलं. कागदांवर सह्या घेऊन आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी पुण्यात असताना ग्रामसेवकाचा फोन आला. शाळा सोमवारी भरणार, व्हरांड्यातल्या पेटीचं काय करायचं? मी म्हटलं, आत कुठे खोलीत ठेवा, गाडी पाठवतो.