दख्खनमधील तोफखानी भुंगेरे : नामकरण आणि प्रसार

शत्रूने डिवचताच पोटाच्या टोकातून फट् असा आवाज करत दाहक फवारा सोडणारे भुंगेरे प्राणिशास्त्रात 'ब्रॅकिनिनी' या गटात मोडतात. लिनीअसने 1758 मध्ये युरोपातील एका जातीला 'कॅराबस क्रेपिटन्स' आणि 1771 मध्ये भारतातील एका जातीला 'कॅराबस बायमॅक्युलेटस' हे नाव दिले, तेव्हा जमिनीवर धावणारे कितीतरी भक्षक भुंगेरे कॅराबस या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहात, कोंबलेले होते. वेबरने 1801 मध्ये 'ब्रॅकिनस' आणि सोलिएने 1833 मध्ये 'फेरोप्सोफस' ही प्रजाती वेगळी काढली. 1876 मध्ये शोदुआरने संपूर्ण गटावर प्रबंध लिहिला, तर 1970 मध्ये टेरी अर्विनने त्याचे नव्याने वर्गीकरण केले. भारतातील ती जुनी जात आज फेरोप्सोफसमध्ये गणली जाते.

मागे जणू कापून टाकलेले आखूड पुढचे पंख ही या गटाची सहज दिसणारी खूण होय. पोटातील एका कोठीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेले असतात. ते दुसऱ्या कोठीत शिरताच विकरांमुळे, म्हणजे क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनांमुळे, द्रव सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. फवारा मारण्याची शक्ती मात्र वर्गीकरणाला पुरेशी नाही, कारण मुंग्यांच्या वारुळांत राहणाऱ्या पॉसस भुंगेऱ्यांतही ती असून त्यांचे कुळातील स्थान वेगळे आहे.

प्रसाराचा इतिहास अधिक विस्कळीत आहे. अठराव्या शतकात नमुन्यासोबत अनेकदा केवळ 'भारत' एवढेच स्थळ लिहिले जाई, आणि त्यावरून गोदाकाठ, अजिंठ्याचे डोंगर व कोकण यांतील फरक कळणे शक्य नव्हते. हा फरक महत्त्वाचा आहे: फेरोप्सोफसच्या ज्या जातींचे जीवनचक्र नीट अभ्यासले गेले, त्यांच्या अळ्या जमिनीत बिळे करणाऱ्या मोल क्रिकेट या किड्यांच्या अंड्यांवर वाढतात, म्हणून ओलसर, भुसभुशीत माती त्यांना आवश्यक असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठणच्या जायकवाडी जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात मागे सरकल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन याच दृष्टीने तपासण्यासारखी आहे. 1958 मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आणि 1959 पासून पुण्यात असलेले भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र यांमुळे अशा अभ्यासाला जवळचा आधार मिळाला. पंखांवरील पिवळ्या ठिपक्यांचा आकार एकाच जातीतही बदलत असल्याने नराचे जननांग तपासूनच ओळख पक्की करावी लागते, आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, तारीख व मातीचा प्रकार नोंदला असेल तरच ती ओळख प्रसाराच्या नकाशाला उपयोगी पडते.