कोकणातील शाकारणी आणि शाकारणारे

या व्याख्यानमालेत किल्ले, पेशवाईतील वाडे आणि देवळांची शिखरे यांवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आम्हांला बोलावणे आले तेव्हा आम्ही चिटणीसांना सांगितले, की आम्ही शाळा सातवीत सोडली, पुढचे आयुष्य बांधकाम मजुरांची संघटना चालविण्यात गेले. शिखरांपेक्षा आम्हांला छपरे अधिक कळतात. ते हसून म्हणाले, मग छपरांवरच बोला. म्हणून आज कोकणातल्या साध्या घराच्या छपराविषयी, आणि खरे म्हणजे त्या छपरावर चढणाऱ्या माणसाविषयी, बोलणार आहोत.

कोकणपट्टीत वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा मृग ते हस्त एवढ्या चार महिन्यांत. त्याआधी चैत्र-वैशाखाचे ऊन असे, की वासे तडकतात. बाराही महिने खारा वारा खिळे खात असतो, आणि आतून वाळवी आपले काम करीत असते. अशा हवेत एकदा बांधले आणि विसरलो असे छप्पर होतच नाही. ते दरसाल नव्याने करावे लागते. या दरसालच्या करण्याला आमच्याकडे शाकारणी म्हणतात.

मुळात गरिबाचे घर केंबळी. भाताचा पेंढा, गवत, किनाऱ्यालगत माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे, बांधायला काथ्या. हे छप्पर एक पावसाळा काढी. कौले आली ती कुंभाराची. चाकावर मातीची नळी ओढायची, ओली असतानाच उभी चिरून दोन करायची आणि भाजायची. म्हणून त्यांना नळे म्हणत. एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. खिळा नाही, अडकण नाही. नळा आपल्या वजनाने व शेजाऱ्याच्या आधाराने बसतो. मांजर धावले की सरकतो, वानर आले की फुटतो. त्यामुळे होळी झाली की एका बाजूने सारे नळे उतरायचे, पालापाचोळा व मुंगळ्यांची घरे झाडायची, शेवाळ नारळाच्या सोडणाने घासायचे, सडलेली रीप बदलायची आणि पुन्हा चढवायचे. हे काम एका घरचे नसे. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे, असे वाडीतले गडी फिरत. बायका खाली घासायला आणि नळे हातोहात पुढे द्यायला. मोबदला म्हणजे दुपारचे जेवण. या परस्पर मदतीचे पुष्कळांनी कौतुक केले आहे. आम्हीही करतो, परंतु खोताच्या घरावर चढणारा गडी परतफेडीला आपल्या घरावर खोत चढेल अशी अपेक्षा ठेवीत नसे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

नळ्यांच्या या राज्याला धक्का बसला तो 1865 साली. बासेल मिशनचे प्लेब्स्ट नावाचे जर्मन तंत्रज्ञ होते. त्यांनी मंगळुरास नेत्रावती नदीकाठी यंत्रावर दाबलेली कौले काढण्याचा कारखाना घातला. फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले होते; मंगलोरी कौल त्याच जातीचे. मिशनचा हेतू धंद्याइतकाच दुसराही होता. धर्म बदलल्यामुळे ज्यांची जात, गाव आणि पोटाचा उद्योग तिन्ही सुटले, त्यांना काम हवे होते. नदीची माती, जवळच्या जंगलातले सरपण आणि हे निराधार हात यांवर तो कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून सरकारने तो ताब्यात घेतला आणि 1919 मध्ये कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे दिला. पण कौलाचे रूप बदलले नाही. येथे एक गंमत सांगितली पाहिजे. पुष्कळ घरमालक कौल उलटे करून त्यावरचा 1865 हा आकडा अभिमानाने दाखवितात. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे. कौल पुष्कळदा पन्नास-साठ वर्षांनी धाकटे असते.

ही कौले फत्तेमारीत भरून मुंबईला व कोकणातल्या बंदरांत उतरू लागली. शंभर चौरस फुटांना सुमारे दीडशे कौले पुरत, छप्पर हलके होई, आणि दरसाल सगळे उतरण्याची गरज उरली नाही. पण शाकारणी संपली नाही. अडकणीच्या खाचेत माती व शेवाळ साचले की पाणी उलटे चढून वाशावर येते. फुटलेले एक कौल वेळीच न बदलले तर तीन वर्षांत वासा जातो.

मग वैशाखात छपरावर चढत होता कोण? चढत होता चाकरमानी. मुंबईच्या गिरण्यांत बिनीवर किंवा साच्यावर काम करणारा कोकणी माणूस उन्हाळ्यात रजा घेऊन, नाही मिळाली तर न घेता, गावी येई. त्याला लग्ने असत, भाजावळ असे आणि छप्पर असे. गिरणीच्या हजेरीपटात याचे नाव गैरहजेरी. मालक सांगत, की हा मजूर अर्धा शेतकरीच आहे, त्याला यंत्राची शिस्त नाही. 1931 साली मजुरांविषयीच्या व्हिटले कमिशनने मात्र असे मत दिले, की मजुराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो टिकवून नियमित करावा. आम्ही तो अहवाल तालुक्याच्या वाचनालयात कोशाच्या मदतीने वाचला तेव्हा वाटले, की या साहेबांपैकी कोणी वैशाखात आमच्या वळचणीखाली उभे राहिले असते तर त्यांना आणखी एक वाक्य लिहावेसे वाटले असते. मुंबईत मजुराला घर देण्याचा खर्च जो वाचत होता, तो गावच्या छपरावर त्याच्याच रजेतून भरला जात होता.

आमचे वडील असेच चाकरमानी. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या साली ते वैशाखाची वाट न पाहता माघातच गावी आले, आणि पुन्हा गिरणीत गेले नाहीत. हाती कला होती ती शाकारणीची. जे काम आजवर रजेत आपल्या घरावर केले, ते रोजाने लोकांच्या घरांवर करू लागले. कौलावर चालणे सोपे नाही. पाय अनवाणी हवा, आणि तो कौलाच्या मध्यावर न ठेवता खाली रीप जिथे आहे तिथेच ठेवायचा. रीप दिसत नाही, ती तळव्याने ओळखायची. उन्हाने कौल तापते म्हणून काम पहाटे व दिवस कलल्यावर. 1986 च्या वैशाखात एका घराच्या वळचणीची रीप वाळवीने पोकळ झाली होती, ती तळव्याला कळली नाही. वडील अंगणातल्या जात्यावर पडले. खुबा मोडला. घरमालक वाईट नव्हते. त्यांनी हाडवैद्याचे पैसे दिले, दोन मण तांदूळ पाठविले. पुढे वडील सोळा वर्षे काठीवर जगले.

आम्ही तेव्हा सतरा वर्षांचे होतो. कायदा वाचायला शिकलो तो या प्रसंगामुळे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात इमारत-दुरुस्तीचे काम होते. जमिनीपासून आढ्यापर्यंत बारा फूट उंची असली की ते घर कायद्यात बसे. आम्ही दोरी घेऊन मोजले. चौदा फूट भरले! वकिलांनी मग दुसरे पान दाखविले. ज्याचे काम नैमित्तिक आहे आणि जो मालकाच्या धंद्यासाठी लावलेला नाही, तो कामगारच नव्हे, असे व्याख्येत होते. घर म्हणजे काही धंदा नव्हे. ते शब्द 2000 सालच्या दुरुस्तीने गळाले. 1996 मध्ये बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात दुरुस्ती व देखभाल हे शब्द आले, पण माणसाच्या स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम बाहेर ठेवले गेले. नोंदणीला वर्षात नव्वद दिवसांचे काम आणि वय साठीच्या आत ही अट. शाकारणीचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा, आणि शाकारणारे एव्हाना म्हातारे झाले होते.

कारण दरम्यान पत्रा आला होता. पत्र्याला दरसालची शाकारणी नको, असे सांगून तो विकला गेला. आणि ज्याच्या घरी चढणारा माणूसच उरला नाही त्याने तो घेतला यात त्याचा दोष नाही. दुपारी त्याखाली बसवत नाही, पावसात बोललेले ऐकू येत नाही, तरी घेतला. पण खारा वारा पत्र्यालाही सोडीत नाही. आधी हुकाचे बोल्ट गंजतात, मग बोल्टाभोवतीचे भोक मोठे होते. वारा छप्पर नुसते ढकलीत नाही, वर ओढतो. ही ओढ वळचणीला, आढ्याला आणि कोपऱ्यांना सर्वांत अधिक. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा घेऊन. आमच्या दापोली-मंडणगडच्या बाजूला गंजल्या बोल्टांचे पत्रे ओळीने उठले आणि माडांवर जाऊन अडकले. कौलेही वाचली नाहीत. मंगलोरी कौलाच्या पोटाला तार ओवायला भोक ठेवलेले असते. खालच्या दोन-तीन ओळी तारेने रिपेला बांधाव्यात असा त्याचा अर्थ. आम्ही वादळानंतर पाहिलेल्या घरांत बहुतेक भोके कोरी होती. तार महाग नव्हती. ती ओवायला लागणारा अर्धा दिवस कोणाला द्यायचा नव्हता. शिवाय त्या वैशाखात टाळेबंदी; चाकरमानी आले ते शाळांच्या खोल्यांत विलगीकरणात बसलेले.

मृगाला चार दिवस उरले होते. आसपासच्या गावांत कौलावर चालू शकणारे गडी आम्ही शोधले, ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता आले. त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे. पुढच्या साली संघटनेने काही तरुण पोरे त्यांच्या हाताखाली दिली. अट एकच घातली, की घरमालकाने रोजाबरोबर दोर द्यायचा. तो आढ्यावरून पलीकडच्या अंगणातल्या झाडाला बांधायचा आणि टोक कमरेला. म्हातारे हसले. एक म्हणाला, गुरासारखे दावे लावून कधी शाकारणी झाली आहे काय? पोरांनी बांधले म्हणून त्यांनीही बांधले. खालच्या तीन ओळींना तार ओवली. 16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ आमच्या समोरून समुद्रातून वर गेले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या घरांच्या वळचणी जागेवर होत्या. एका घराची आढ्यावरची सहा कौले तेवढी गेली होती. ती बसवायला तोच म्हातारा निघाला, आणि शिडीला पाय लावण्याआधी त्याने दोर मागितला.