गोल्फची पिशवी कोणी वाहायची?

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्याच्या दक्षिणेला पसरलेला गारखेडा हा भाग एकेकाळी शहराबाहेरचे खेडे होता. आज तो विभागीय क्रीडा संकुल आणि सूतगिरणी चौक या दोन खुणांनी ओळखला जातो. या भागातील गल्ल्यांतून सकाळी भाजीची जी चार चाकांची गाडी फिरते तिला कोणी हातगाडी म्हणतो, कोणी लोटगाडी म्हणतो, आणि त्यांतील दुसरे नाव गाडीच्या वापराची रीतच सांगून जाते: ही गाडी ओढायची नसते, लोटायची असते. गोल्फच्या पिशवीसाठी पाश्चात्त्य देशांत जी ट्रॉली निघाली तिला ओढण्याकडून लोटण्याकडे जाण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. महाराष्ट्रात मात्र या साऱ्या काळात तिचे फारसे काम पडले नाही, कारण येथे पिशवी माणूस उचलत होता. विजेची ट्रॉली कोणती घ्यावी हा प्रश्न वरवर मोटारीचा आणि बॅटरीचा दिसतो. त्याचा येथील इतिहास मात्र मजुरीचा इतिहास आहे.

प्रथम नावांची फोड करणे इष्ट होय. ज्यात दोन किंवा चार खेळाडू बसून मैदानभर फिरतात ती गोल्फ कार्ट. जिच्यावर केवळ पिशवी ठेवली जाते आणि खेळाडू पायी चालतो ती ट्रॉली. ट्रॉलीला बॅटरी आणि मोटार जोडली की ती विजेची ट्रॉली होते. अठरा खड्ड्यांच्या पूर्ण खेळात खेळाडूची आठ ते दहा किलोमीटर चाल होते आणि भरलेली पिशवी बारा ते पंधरा किलोंची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या साधनाची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पिशवीही गोल्फइतकी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काठ्यांची मोळी काखेत धरून सोबत्याने चालावे अशी स्कॉटलंडातील रीत होती आणि त्या सोबत्याला कॅडी म्हणत. हा शब्द ‘धाकटा मुलगा’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला असे मानले जाते. पोलादी दांड्यांच्या काठ्या आल्यावर त्यांची संख्या इतकी वाढली की काही खेळाडू वीस-पंचवीस काठ्या कॅडीच्या खांद्यावर लादू लागले. तेव्हा अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये चौदा काठ्यांची मर्यादा घालण्यात आली. हा नियम खेळाच्या न्यायासाठी केला गेला खरा, परंतु त्याचा सर्वांत प्रत्यक्ष लाभ ज्यांना झाला ते खेळाडू नव्हते.

हा खेळ भारतात फार लवकर आला. कोलकात्याचा गोल्फ क्लब १८२९ चा असून ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईचा पहिला क्लब १८४२ चा, म्हणजे मुंबईत आगगाडी धावण्यापूर्वी अकरा वर्षे स्थापन झालेला. पुढे जेथे छावणी किंवा थंड हवेचे ठिकाण होते तेथे गोल्फ जाऊन पोहोचला. पुण्यात येरवड्याला आणि महाबळेश्वरला त्याची मैदाने झाली. दख्खनच्या कोरड्या पठारावर हिरवळ जगवणे अवघड असल्याने देशातील अनेक छावण्यांच्या मैदानांत खड्ड्याभोवती गवताऐवजी तेल मिसळलेली वाळू पसरून ती सारखी केली जाई. अशा जागेला ‘ग्रीन’ न म्हणता ‘ब्राऊन’ म्हणत. चेंडू मारून झाला की वाळूवरचे पाऊलठसे पुसून ती पुन्हा सपाट करावी लागे आणि ते कामही अर्थातच खेळाडूचे नसे.

खेळाडूमागे एक नव्हे तर बहुधा दोन माणसे असत. एक पिशवी वाही. दुसरा ‘आगेवाला’, म्हणजे चेंडू जेथे पडण्याचा संभव आहे तेथे आधीच धावत जाऊन उभा राहणारा पोऱ्या. झुडपांत शिरलेला चेंडू शोधणे, तो कावळ्याने किंवा कुत्र्याने पळवू नये म्हणून पाहणे ही त्याची कामे होत. हिंदुस्थानी भाषेतील हा शब्द येथील इंग्रजांच्या बोलण्यात जसाच्या तसा रुळला. आगेवाल्याचा पुढे कॅडी होई आणि कॅडीचा क्वचित खेळाडू. भारतीय खुल्या स्पर्धेचे विजेतेपद १९९१ मध्ये प्रथमच एका भारतीय व्यावसायिक खेळाडूने पटकावले, तो अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढला होता. बंगळूरूच्या सी. मुनियप्पाने २००९ मध्ये तीच स्पर्धा जिंकली आणि त्याचीही सुरुवात पिशवी वाहण्यापासून झाली होती. वर्तमानपत्रांना अशा कथा आवडतात, पण जे आयुष्यभर पिशवीच वाहत राहिले त्यांची संख्या अर्थातच अनेक पटींनी अधिक आहे.

इंग्रजी अमदानीत मैदानात भारतीय माणूस पिशवीवाला म्हणून सहज शिरू शके, सभासद म्हणून नव्हे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन (कारकीर्द १९१३ ते १९१८) यांच्या नावाचा क्लब निघाला तो युरोपीय आणि भारतीय या दोघांनाही सभासदत्व देणारा म्हणून, यावरूनच इतरत्र काय स्थिती होती ते कळते. 

नाशिकची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिचा एक धागा औरंगाबादेपर्यंत, म्हणजे आजच्या संभाजीनगरापर्यंत, येतो. नाशिकच्या मध्यवस्तीतील विस्तीर्ण मैदानाला लोक अजूनही ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढे दोन शब्द पुरतात. गारखेड्यात चौकाला जसे सूतगिरणीचे नाव, तसे नाशकात मैदानाला साहेबांच्या खेळाचे. या मैदानाचे अधिकृत नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे आहे. कान्हेरे शिक्षणासाठी निजामाच्या राज्यातील औरंगाबादेत राहत होता आणि तेथूनच नाशिकला जाऊन त्याने २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगाच्या वेळी, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ज्या वर्गाच्या करमणुकीसाठी ते मैदान राखले गेले होते त्याच वर्गातील अधिकाऱ्याला मारणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव मैदानाला मिळावे आणि तरीही जिभेवर जुनेच नाव राहावे, हा योगायोग स्थलनामांच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

यंत्राचा इतिहास इतका गुंतागुंतीचा नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅडीचे काम करणारी मुले अमेरिकेत मिळेनाशी झाली आणि युद्ध संपताच तेथे घडीची दोन चाकी ट्रॉली बाजारात आली. ती हाताने मागे ओढावी लागे. त्यात एकच खांदा मागे खेचला जाई आणि पाठ वाकडी होई. पुढे लोटायची तीन चाकी ट्रॉली १९९९ नंतर खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाली, म्हणजे भाजीवाल्याच्या लोटगाडीतले शहाणपण गोल्फला कळण्यास बराच उशीर लागला असे म्हणण्यास हरकत नाही. बसून फिरण्याची विजेची कार्ट त्याआधीच, १९५० च्या दशकात, अमेरिकेत रूढ झाली होती. ब्रिटनमधील खेळाडू पायी चालण्याला खेळाचाच भाग समजत असल्याने तेथे विजेच्या ट्रॉलीला वाव मिळाला आणि १९८३ मध्ये निघालेल्या पॉवाकॅडी या कंपनीने ती घरोघरी नेली. कंपनीच्या नावातच कॅडी आहे, म्हणजे यंत्र कोणाच्या जागी आले हे लपवण्याचा कोणी प्रयत्न केलेला नाही.

अमेरिकेत मुले मिळेनात म्हणून चाके आली. महाराष्ट्रात माणसे मिळत राहिली म्हणून चाके आली नाहीत. ज्या क्लबात कॅडी घेणे हाच रिवाज, तेथे ट्रॉली घेतली तरी ती लोटण्यास कॅडीच असे. खासगी ट्रॉलीचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो क्लबच्या चौकटीबाहेरची मैदाने निघाल्यावर. सिडकोने खारघरच्या डोंगराच्या कुशीत सर्वसामान्यांसाठी खुले असे मैदान उभारले, हे त्याचे ठळक उदाहरण. १९७० मध्ये स्थापन झालेल्या याच सिडकोने औरंगाबादेत नवे शहर वसवले, आणि त्या काळात वाढलेल्या औद्योगिक वसाहतींतून, विशेषतः १९८५ मध्ये वाळूजला सुरू झालेल्या बजाजच्या कारखान्यातून, या शहरात तीन चाकांच्या वाहनांशी सराव असलेली कामगारांची एक पिढी तयार झाली. विजेची ट्रॉली ही तत्त्वतः फार साधी तीन चाकी आहे. तिची मोटार दोनशे वॉटच्या आसपासची, म्हणजे घरातल्या मिक्सरच्या निम्म्याहून कमी शक्तीची असते, आणि तिचा बिघाड बहुधा तारेच्या जोडात, चार्जरमध्ये किंवा बॅटरीत निघतो. अशा दुरुस्तीला लागणारे हात गारखेड्यापासून फार दूर शोधावे लागत नाहीत.

निवडीचा खरा निर्णय बॅटरीवर होतो. जुन्या ट्रॉल्यांत शिसे आणि आम्ल यांची बॅटरी असे. तिचे तत्त्व १८५९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ प्लांते याने दाखवून दिले होते आणि तिचे वजन दहा-बारा किलो, म्हणजे जवळजवळ आणखी एका पिशवीएवढे भरे. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांनी हे वजन तीन किलोंच्या आसपास आणले. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत साठलेली ऊर्जा वॉट-तासांत मिळते: बारा व्होल्ट आणि सोळा अँपिअर-तासांच्या बॅटरीत ती १९२ वॉट-तास होते. विमानातून प्रवासी सामानात नेण्याच्या लिथियम बॅटरीला १६० वॉट-तासांची मर्यादा असल्याने अशी बॅटरी विमानाने नेता येत नाही. संभाजीनगरहून पुण्याला खेळण्यास जाणारा माणूस बहुधा मोटारीनेच जात असल्याने त्याला हा नियम नडत नाही. त्याला नडते ती मोटारीची डिकी. घडी केलेली ट्रॉली आणि पिशवी या दोन्ही वस्तू डिकीत एकत्र मावतात की नाही हे दुकानातच मोजून पाहावे लागते. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या मोटारीची डिकी त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा उष्णतेत बॅटरी तासन्‌तास ठेवणे किंवा तापलेली असतानाच चार्जिंगला लावणे तिचे आयुष्य कमी करते. परदेशी माहितीपत्रकांत थंडीने बॅटरी मंदावण्याविषयी बरेच लिहिलेले असते. येथे धोका उलट दिशेचा आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. दख्खनच्या काळ्या मातीवर पावसाची सर पडून गेली की ती चाकाला चिकटते, चाक आणि सांगाडा यांच्यातील फटीत भरते आणि दोनशे वॉटची मोटार जागच्या जागी घुरघुरत राहते. त्यामुळे रुंद आणि खोल खाचांचे टायर, चाक एका खटक्यात काढून धुता येण्याची सोय आणि ती फट पुरेशी मोठी असणे या बाबी दूरनियंत्रणापेक्षा अधिक मोलाच्या ठरतात. डोंगरउतारावरच्या मैदानात ट्रॉलीला उतारावर आपोआप वेग आवरणारी सोय असावी, कारण चढावर ट्रॉली थांबली तर फार तर दम लागतो, उतारावर सुटली तर ती तळ्यात जाते. खेळाडूच्या मागे स्वतःहून चालत येणाऱ्या महागड्या ट्रॉल्याही आता मिळतात. ज्या मैदानावर कॅडी, माळी आणि इतर खेळाडू यांची सतत ये-जा असते तेथे त्यांचा उपयोग मर्यादित दिसतो.

ओझे माणसाच्या अंगावरून यंत्रावर जाताना माणसाचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने गोल्फच्या मैदानावर शोधले नाही. ते माथेरानमध्ये शोधावे लागले. मोटारींना बंदी असलेल्या त्या गिरिस्थानी माणसाने ओढायच्या रिक्षा विसाव्या शतकानंतरही चालू राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि रिक्षा ओढणाऱ्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन व्हावे असा निर्णय दिला. संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याला आजही चार माणसे खुर्चीची डोली खांद्यावर घेऊन पर्यटकाला लेण्यांच्या पायऱ्या चढवतात. तेथे पायऱ्या असल्याने चाकाचा उपयोगच नाही.

गोल्फच्या मैदानावर पायऱ्या नसतात, म्हणून ती सबब तेथे चालत नाही. ट्रॉली पिशवी वाहते, पण वाऱ्याचा अंदाज सांगत नाही, हिरवळीचा उतार वाचत नाही आणि गवतात गेलेला चेंडू शोधत नाही. ही तिन्ही कामे कॅडी करतो आणि त्यांसाठी त्याचा खांदा लागत नाही, डोळा लागतो. ज्या क्लबांत विजेच्या ट्रॉल्या येऊ लागल्या आहेत त्यांनी कॅडीची मजुरी ओझ्यावर न ठरवता या कामांवर ठरवावी आणि ट्रॉलीचे नियंत्रण त्याच्याच हाती द्यावे. गारखेड्यातून नवी ट्रॉली घेऊन मैदानावर जाणाऱ्यानेही पहिल्या दिवशी ती भरलेल्या पिशवीसह सर्वांत चढाच्या जागी कॅडीकडून चालवून घ्यावी आणि ती ठेवायची की परत करायची हे त्याला विचारावे.