खुलासा करतील काय?

विधानसभेतल्या लेखी प्रश्नांची एक खास मराठी आहे. विषय धरणाचा असो, शाळेचा असो की चोरीला गेलेल्या मोटारसायकलींचा, सांगाडा ठरलेला. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ ही सुरुवात. मग क्रमांक घालून एकेक कलम : अमुक घटनांमध्ये वाढ झाल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? समोरच्या रकान्यातल्या उत्तरांची भाषाही तितकीच ठरीव. ‘हे खरे नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि सगळ्यांत लाडकं उत्तर, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ विचारून झालेला, छापून आलेला, तारांकित म्हणून क्रमांक मिळालेला प्रश्न उद्भवतच नाही, हे सांगायला मराठीवर चांगलीच हुकमत लागते.

या सांगाड्यातला सगळ्यांत मजेदार शब्द ‘खुलासा’. कुणाला तो ‘खुला’शी जोडावासा वाटेल, म्हणजे झाकलेलं उघडून दाखवणं. हिंदी वृत्तवाहिन्यांनी तर ‘बडा खुलासा’ म्हणजे गौप्यस्फोट असंच करून टाकलं आहे. पण शब्द अरबी आहे आणि त्याचा ‘खुल्या’शी संबंध नाही. मूळ धातू ख-ल-स. शुद्ध होणं, मोकळं होणं, सुटणं असा अर्थ. गाळून, निवडून उरलेलं सार ते ‘खुलासा’. औरंगजेबाच्या काळात सुजनराय भंडारी यांनी फारसीत हिंदुस्थानचा इतिहास लिहिला, त्याचं नाव ‘खुलासत-उत्-तवारीख’, म्हणजे इतिहासाचा गोषवारा. याच धातूचं गोत्र मराठीत ऐसपैस पसरलं आहे. संपलं की ‘खलास’. कोणा मधल्या धन्याविना थेट सरकारची जमीन ती ‘खालसा’, म्हणूनच संस्थानं खालसा झाली. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या बोटीवर तांडेलाच्या हाताखाली जाळी ओढणारा ‘खलाशी’सुद्धा याच घरातला.

मराठी कचेरीत मात्र खुलाशाला एक वेगळीच छटा चढली. कारकून उशिरा आला की त्याच्याकडून मागवतात तो खुलासा. म्हणजे शब्दापुरतं पाहिलं तर सभागृहात गृहमंत्र्यांची आणि उशिरा येणाऱ्या कारकुनाची पायरी एकच. संसदीय लोकशाहीचं मर्म इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणत्या शब्दाने सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

आता हाच शब्द गाडी चोरीला गेलेल्या माणसाच्या बाजूने पाहू. गाडी सापडत नाही, चोरही सापडत नाही, तेव्हा पोलीस तपासाचा शेवट करून न्यायालयात अहवाल पाठवतात. जुन्या मुंबई इलाख्यातून आलेल्या पद्धतीप्रमाणे त्याचे तीन प्रकार. गुन्हा खरा पण छडा लागला नाही, तर ‘ए समरी’; तक्रारच खोडसाळ व खोटी, तर ‘बी’; गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या बाबीतून आलेली, तर ‘सी’. विम्याचे पैसे हवे असतील तर गाडीचा मालक या ए समरीसाठी खेपा घालतो. ती मिळाली की चोरी खरी ठरते आणि शोधही संपतो. इंग्रजी समरी आणि अरबी खुलासा, दोन्हींचा मूळ अर्थ एकच : गोषवारा. आमदार सभागृहात जे मागतात आणि गाडीचा मालक ठाण्यात जे मागतो, ते शब्दार्थाने एकच झालं. फरक एवढाच की मालकाला ते मिळतं तेव्हा प्रकरण खलास झालेलं असतं.

ठाण्यातल्या बाकीच्या शब्दांनाही त्या खेपा ठाऊक असाव्यात. ‘फिर्याद’ म्हणजे फारसीत आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. ‘तक्रार’ म्हणजे अरबीत पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा सांगणं. ज्याने कधी नोंदवली असेल त्याला या व्युत्पत्तीसाठी कोश उघडायला नको. ‘गुन्हा’ फारसी गुनाह. त्याचं जुनं इराणी रूप आपल्या ‘विनाश’चं सख्खं भावंड आहे. आणि पोलिसांचा आवडता ‘इसम’! अरबी ‘इस्म’ म्हणजे नाव. नावनिशीवार यादीला ‘इसमवार’ म्हणत, ते मूळ अर्थाला धरूनच. तिथून इसम म्हणजे नुसता माणूस झाला आणि शेवटी ज्याचं नावच माहीत नाही तो ‘अज्ञात इसम’. वसई, नालासोपारा, विरार स्थानकांबाहेर दिवसभर उभ्या केलेल्या दुचाकींपैकी एखादी रात्री जागेवर नसते, तेव्हा ती नेणारा कागदावर हाच. नाव नसलेलं नाव. कलमाचा आकडा मात्र बदलला. पिढ्यान्‌पिढ्या पाठ असलेलं ३७९ जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३ आलं.

‘ठाणे’ या शब्दाचा वसईकरांशी जुना झगडा आहे. संस्कृत ‘स्थानक’चं प्राकृतातून घासत आलेलं रूप म्हणजे ठाणे, शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक ती हीच. रेल्वेला आपण मूळ संस्कृत शब्द दिला आणि तिचं ‘स्थानक’ केलं. पोलिसांना घासलेला दिला आणि त्यांचं ‘ठाणे’ झालं. तिसरा शब्द स्टेशन. तो लॅटिनमधून आला, पण त्याच्या तळाशी आहे तो धातू आपल्या ‘स्था’चाच भाऊ. म्हणजे ‘स्टेशनवरून गाडी चोरीला गेली म्हणून ठाण्यात गेलो’ या वाक्यात माणूस शब्दशः जागच्या जागीच आहे. घोडा बांधायच्या जागेलाही मराठीत ठाण म्हणतात, हे पुढे उपयोगी पडेल.

१ ऑगस्ट २०१४ पर्यंत वसई-विरार ठाणे जिल्ह्यात होतं आणि इथली पोलीस ठाणी ‘ठाणे ग्रामीण’ दलाची. २०११ च्या जनगणनेत सुमारे १२ लाख लोकवस्ती, २००९ पासून स्वतःची महापालिका, आणि पोलीस ग्रामीण! पालघर जिल्हा झाल्यावर ही ठाणी पालघरच्या अधीक्षकांकडे गेली आणि ‘ग्रामीण’ हा शब्द पाटीवरून उतरला. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि सदानंद दाते पहिले आयुक्त झाले. वालीव, तुळींज, माणिकपूर, अर्नाळा ही ठाणी तेव्हापासून आयुक्तांच्या हाताखाली आहेत.

‘आयुक्त’ हा शब्द कमिशनरसाठी अलीकडे घडवला, असं वाटतं खरं. पण गुप्तकालीन लेखांत ‘आयुक्तक’ नावाचे अधिकारी आहेत, आणि त्याहून आधी अशोकाच्या तिसऱ्या शिलालेखात ‘युत’ म्हणजे युक्त, कामावर नेमलेले. धातू तोच, युज्. अशोकाच्या लेखांचे तुकडे सोपाऱ्यातही मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये सापडला, नवव्याचा १९५६ मध्ये. तिसऱ्याचा सापडलेला नाही. सापडला असता तर नालासोपाऱ्याने आयुक्तालयावर २२०० वर्षांपूर्वीचा हक्क सांगितला असता.

प्रश्न विचारणारा आमदार, ज्याच्याविषयी विचारायचं तो फौजदार, त्याच्या हाताखालचा हवालदार, आणि ठाणेदार, जमादार : सगळेच ‘दार’. फारसी ‘दार’ म्हणजे धारण करणारा, संस्कृत ‘धृ’चाच नातलग. फौज बाळगणारा फौजदार, ज्याच्या हवाली काही केलं आहे तो हवालदार. (‘हवालदिल’ त्यातला नव्हे, तो ‘हौल’ म्हणजे धास्ती आणि ‘दिल’ यांचा.) या सगळ्यांत एकट्या आमदाराने ‘आम’ धारण केलं आहे. हिंदीवाल्यांकडे विधायक आणि सांसद आहेत. दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खासची जोडी लोकशाहीत आणून बसवली ती मराठीने. वसईतून आणि नालासोपाऱ्यातून अनेक वर्षं हितेंद्र ठाकूर आणि क्षितिज ठाकूर निवडून जात. २०२४ मध्ये स्नेहा दुबे-पंडित आणि राजन नाईक गेले. आमदार बदलले, तरी प्रश्नाचं पाकीट जातं गृह विभागाकडेच.

हे ‘गृह’ कुणाचं? १७८२ मध्ये ब्रिटिश सरकारने कारभाराची वाटणी केली : परदेशांचं एक खातं, घरचं एक. ‘होम’ म्हणजे परदेश नव्हे ते. १८४३ मध्ये हिंदुस्थान सरकारातही होम डिपार्टमेंट निघालं. गंमत अशी की त्याच सरकारच्या हिशेबात ‘होम चार्जेस’ म्हणजे हिंदुस्थानच्या तिजोरीतून इंग्लंडला जाणारा पैसा, ज्यावर दादाभाई नौरोजींनी आयुष्य वेचलं. खात्याचं होम इकडे, खर्चाचं होम तिकडे. आपण शब्दाचं ‘गृह’ केलं. राज्य सरकारला परराष्ट्र खातं नसतं, तेव्हा या गृहाला शेजार उरला तो गृहनिर्माणाचा, आणि दोघांच्या नावांत घोळ होतोच. गृह विभागाच्या मालकीचं म्हणावं असं गृह एकच, कारागृह. मात्र परिवहनाचा कारभारही मंत्रालयात याच विभागाच्या छपराखाली चालत आला. गाडीला नंबर देणारे आणि नंबरची गाडी शोधणारे एका घरचे. वसईकरांची पासिंग ‘एमएच ४८’. शेजारून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गाचा क्रमांकही ४८, आणि चिंचोटी सोडलं की तो थेट गुजरातच्या हद्दीकडे निघतो. हा योगायोग चोरांनी ठरवलेला नाही, पण गैरसोयीचाही नाही.

आमदार सभागृहात ‘मुद्दा’ मांडतात आणि ठाण्याच्या आवारात ‘मुद्देमाल’ पडून असतो. अरबी ‘मुद्दआ’, ज्यावर दावा सांगितला आहे ते. ‘दावा’ही त्याच कुळातला. कुठल्याही ठाण्याच्या कुंपणाला लागून हा माल दिसतो : टाकीचा रंग उडालेल्या मोटारसायकली, आसनं फाटून स्पंज बाहेर आलेला, पुढच्या चाकात वेल गुंतलेली, हेडलाइटच्या काचेवर ऑइलपेंटने गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि साल. घोडे ठाणाला बांधलेत, सोडायला कुणी येत नाही. गाड्यांचे आकडे विचारणारे प्रश्न असतात. या उभ्या गाड्यांविषयी विचारलेलं मात्र माझ्या वाचनात फारसं नाही.

या गाड्यांचं पुढचं दप्तर वसईला शोभेलसं आहे. कुलूप अरबी ‘कुफ्ल’चं उलटसुलट झालेलं रूप. किल्ली आपली. पण गाडीला आपण लावतो ती ‘चावी’, पोर्तुगीज ‘शावे’. १५३४ ते १७३९ वसईत जे राहिले त्यांच्या भाषेतली. चावी मालकाच्या घरी खुंटीला आणि गाडी ठाण्यात, अशी वर्षं गेली की निघतो तो ‘लिलाव’, तोही पोर्तुगीजच, ‘लेलांव’. त्याच्या जाहिरातीत इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांकांची लांबलचक यादी छापून येते आणि वर मथळा असतो ‘बेवारस वाहने’. वारस म्हणजे मेलेल्याची मालमत्ता घेणारा. इथे बहुतेक मालक हयात आहेत, आणि त्यांतले कित्येक त्याच ठाण्याच्या हद्दीत हप्ते फेडून मोकळे झालेले.