एनएफएल रेडझोन म्हणजे काय?

अमेरिकेत रविवारी दुपारी एनएफएलचे अनेक सामने एकाच वेळी सुरू असतात. त्यातला कोणता पाहायचा, हा चाहत्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी २००९ मध्ये ‘एनएफएल रेडझोन’ ही वाहिनी सुरू झाली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये गोलरेषेआधीच्या २० यार्डांच्या (सुमारे १८ मीटर) पट्ट्याला ‘रेड झोन’ म्हणतात. आक्रमण करणारा संघ तिथे पोहोचला की गुण मिळण्याची शक्यता वाढते. तेव्हा वाहिनी लगेच त्या सामन्याकडे वळते आणि तिथली चढाई संपली की दुसरीकडे जाते. एकाच वेळी अनेक सामने रंगले तर पडद्याचे भाग केले जातात. आठ चौकटी दिसल्या की तो ‘ऑक्टोबॉक्स’! सूत्रसंचालक स्कॉट हॅन्सन सुमारे सात तास हा सगळा गोतावळा सांभाळतात.

वेगवेगळ्या संघांतले खेळाडू निवडणाऱ्या फँटसी लीगवाल्यांची यात चांगलीच सोय होते. मात्र एकच सामना हळूहळू कसा फिरला, ते इथे कळत नाही. दिसतात ते फक्त निर्णायक क्षण. जाहिरातींचा व्यत्यय नसणं ही या वाहिनीची मोठी ओळख होती. २०२५ च्या हंगामापासून मात्र इथेही जाहिराती दिसू लागल्या आणि अनेक चाहते नाराज झाले.