हापसा आणि प्रश्नावली

गावोगावच्या हापशाचा इतिहास इंजिनिअरिंगच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. तो असायला हवा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस, बिहारच्या भीषण दुष्काळानंतर, देशात बोअर घेण्याच्या कामाला वेग आला. युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रे पुरवली आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचे पाणी हाताशी आले. त्या बोअरवर बसवलेले बिडाचे हातपंप मात्र युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. तिकडे एक कुटुंब दिवसाला चार बादल्या पाणी काढायचे. इकडे तांबडे फुटायच्या आत अख्खी वस्ती कळशा घेऊन रांगेत उभी. दांड्याचे सांधे झिजत, बीड तडकत, पंप बंद पडत. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश पंप नादुरुस्त निघाले.

तोडगा मराठी मुलुखातच आकाराला येत होता. जालन्यातल्या आणि सोलापुरातल्या कारागिरांनी बिडाऐवजी पोलाद वापरले आणि अनेक सांध्यांच्या जागी दांडा एकाच सांध्यावर फिरेल अशी रचना केली. ‘जालना पंप’ आणि ‘सोलापूर पंप’ याच नावांनी ते ओळखले गेले. सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क २’ तयार झाला आणि तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. आधीच्या पंपाच्या आकडेमोडीत चूक नव्हती. तो कोण वापरणार, किती जण, दिवसातून किती वेळ, हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता.

हा हिशेब, म्हणजे आपल्याहून वेगळ्या माणसांची समज, इंजिनिअरला येतो का, हे तपासायचे कसे? माणसांमधला फरक आकड्यांत पकडण्याचा एक मोठा प्रयत्न मुळात एका इंजिनिअरनेच केला. नेदरलँड्सचे गीर्ट हॉफस्टेड हे डेल्फ्टमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेले. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएम कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १ लाख १६ हजारांहून अधिक प्रश्नावल्या त्यांनी अभ्यासल्या. त्यातून देशांची मोजपट्टी तयार झाली. वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी लोक कितपत स्वीकारतात, या निकषावर भारताला ७७ गुण आणि ऑस्ट्रियाला ११. एकाच कंपनीच्या नोकरदारांवरून अख्खा देश कसा कळेल, हा आक्षेप पुढे आला आणि तो रास्त होता. शिवाय हे आकडे देशांचे. वर्गात बसलेल्या एका मुलाची समज त्यातून कळत नाही, हे हॉफस्टेड स्वतःही बजावत असत.

व्यक्तीकडे पाहणारी पट्टी अमेरिकेत घडली. पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून मायक्रोनेशियात काम करून आलेल्या मिल्टन बेनेट यांनी १९८६मध्ये सांस्कृतिक फरक समजण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवरच्या माणसाला आपल्याहून वेगळे काही असते हे दिसतच नाही. शेवटच्या पायरीवरचा दोन जगांत सहज वावरतो. याच पायऱ्यांवर मिचेल हॅमर आणि बेनेट यांनी पन्नास प्रश्नांची चाचणी उभारली. तिच्या निकालात दोन आकडे येतात: माणूस स्वतःला कुठे समजतो आणि उत्तरांवरून तो कुठे ठरतो. पहिला आकडा बहुधा वरचढ असतो. मधल्या पायरीवर ‘शेवटी माणूस इथून तिथून सारखाच’ असे मानणारे लोक येतात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ही पायरी सोडणे विशेष जड जात असावे. ज्या विषयात तो मुरतो तिथे तुळईवरचा भार पुण्यात आणि पेरूमध्ये एकाच सूत्राने काढतात.

याच सुमारास इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थाही बदलल्या. अमेरिकेतल्या ‘अबेट’ने १९९०च्या दशकात नवे निकष आणले: काय शिकवले याऐवजी विद्यार्थ्याला काय येते ते दाखवा. इंजिनिअरिंगच्या उपायांचा समाजावर काय परिणाम होतो, याची समज त्यात आली. २०१९-२०पासून लागू झालेल्या निकषांत तर ‘सांस्कृतिक’ घटकांचा उल्लेख स्पष्टच आहे. निकष आले तसे प्राध्यापक मोजपट्ट्या शोधू लागले. व्हर्जिनिया टेकचे गॅरी डाउनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये फार नेमके बोट ठेवले. परदेशी रीतभात ठाऊक असणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. समोरचा माणूस मूळ प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडत असेल, तर त्याच्याबरोबर काम करता येते का, ही त्यांची कसोटी होती. पुढे पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यासमोर कामाच्या ठिकाणचा प्रसंग ठेवून ‘तू काय करशील?’ असे विचारणाऱ्या चाचण्यांवर काम केले. स्वतःविषयीचे मत विचारण्यापेक्षा ही वाट कितीतरी प्रामाणिक आहे.

भारत १३ जून २०१४ रोजी इंजिनिअरिंगच्या शिक्षणाला देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि हे सारे आपल्या कॉलेजांत पोहोचले. आपल्याकडे मान्यता देणाऱ्या एनबीएने विद्यार्थ्याकडून अपेक्षिलेल्या त्या वेळच्या बारा निष्पत्तींपैकी सहावी होती ‘इंजिनिअर आणि समाज’; सांस्कृतिक प्रश्नांचा विचार करता येणे तिच्यात स्पष्ट लिहिलेले होते. कागदावर ते उत्तम होते. प्रत्यक्षात प्राध्यापक कोणता विषय कोणत्या निष्पत्तीला किती हातभार लावतो याचे १, २, ३ असे मॅपिंग करतात, लेखी परीक्षेच्या गुणांतून निष्पत्ती किती साधली याचे ‘अटेनमेंट’ काढतात, त्यात वर्षाअखेरच्या एक्झिट सर्व्हेची भर घालतात, आणि फाइल तयार होते. विद्यार्थ्याने एखाद्या वस्तीवर जाऊन कोणाला काही विचारले का, याचा त्या एक्सेल शीटमध्ये रकानाच नसतो. राबराब राबून फाइली भरणाऱ्या प्राध्यापकांचा यात दोष नाही. त्यांच्याकडून मागितलेच ते जाते.

दुसरी वाट आपल्याकडे आहे. आयआयटी मुंबईत १९८५मध्ये ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचे केंद्र, ‘सितारा’, सुरू झाले. तिथले विद्यार्थी खेड्यात राहून पाणी, शेती आणि ऊर्जेचे प्रश्न अभ्यासतात, लोकांशी बोलून अहवाल लिहितात. असा अहवाल तपासणे सोपे आहे: प्रश्न कोणाच्या तोंडचा आहे, किती जणींना विचारले, आणि ऐकल्यावर आराखड्यात काय बदलले? स्वायत्त कॉलेजांना आपला अभ्यासक्रम आखता येतो. त्यांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे थोडे तरी गुण या तीन प्रश्नांसाठी राखून ठेवावेत आणि तोंडी परीक्षेला, जिच्यासाठी यंत्र बनवले, तिलाही बोलवावे.